पोट फुगलंय, म्हणजे अंड्यांवर आली का? बॉल पायथन पाळणाऱ्या नवख्यांसाठी

ठमी, आमची बॉल पायथन जातीची सापीण, घरी आली तेव्हा तिचं नाव ठमाजी होतं. विकणाऱ्यानं 'नर आहे' म्हणून सांगितलं, आम्ही मान डोलावली. चार वर्षांनी नाताळच्या सुट्टीत एक मित्र भारतात गेला आणि जाताना त्याचा नर तीन आठवड्यांसाठी आमच्याकडे ठेवून गेला. दोघेही नरच, या समजुतीनं आम्ही त्यांना एकाच पेटीत ठेवलं. बॉल पायथन हा एकलकोंडा प्राणी आहे, दोघांना एकत्र कोंडणंच चूक, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. फेब्रुवारीत ठमाजीनं खाणं सोडलं, पाण्याच्या भांड्याला वेटोळं घालून बसू लागला, एका रात्री तर चक्क उताणा पडलेला दिसला. पुण्याहून आईनं व्हिडिओ कॉलवर पाहून सांगितलं, "वात धरलाय त्याला, ओवा दे." एप्रिलच्या अखेरीस सहा अंडी झाली.

त्या तीन महिन्यांत मी जे धडपडत शिकले ते इथे लिहिते आहे. मी इंग्लंडमध्ये राहते. इथे याच सापाला रॉयल पायथन म्हणतात आणि तो पाळायला परवाना लागत नाही. भारतात गोष्ट वेगळी आहे. नाग, धामण, अजगर, मांडूळ असा कुठलाही देशी साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, मग तो कितीही प्रेमानं ठेवलेला असो. अंगणात पोट फुगलेली धामण दिसली तर सर्पमित्राला किंवा वनखात्याला फोन करा, हा लेख तिच्यासाठी नाही. बॉल पायथन मूळचा पश्चिम आफ्रिकेतला आणि साइट्स कराराच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टातला. त्यामुळे भारतात तो पाळणाऱ्यानं पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करायची असते. २०२४ च्या नियमांनुसार पिल्लं झाली तर त्यांच्या जन्माचीही नोंद करावी लागते. अंडी घरात आल्यावर कागदपत्रं शोधत बसू नका, आधीच बघून ठेवा.

आधी शब्दाचा घोळ

गाय गाभण राहते, म्हैस गाभण राहते. सापाचं काय म्हणायचं? घोणस, फुरसं, मांडूळ आणि हरणटोळ थेट पिल्लं घालतात, त्यांना गाभण म्हटलेलं चालून जाईल. पाळीव सापांतला बोआही याच गटातला. नाग, धामण आणि सगळे अजगर मात्र अंडी घालतात. बॉल पायथन अजगराच्याच कुळातला, म्हणून आपल्या गावच्या कोंबडीचा शब्द मला जास्त बरा वाटतो: अंड्यांवर आली. शब्दाचा एवढा काथ्याकूट अशासाठी की, तुमच्याकडचा साप कोणत्या जातीचा आहे हे नेमकं माहीत नसेल तर पुढचं सगळं नियोजन फसतं. अंडी घालणारीला ओलसर डबा लागतो. बोआला तो लागत नाही, आणि तिचा काळही कितीतरी लांब असतो.

पहिली पायरी: हे शक्य तरी आहे का?

मादी आहे हे कशावरून? शेपटीच्या मुळाशी दोन बाजूंना नख्यांसारखे काटे असतात. नराचे मोठे असतात असं म्हणतात, पण त्यावर विसंबू नका, आम्ही त्यावरच फसलो. खात्रीची पद्धत म्हणजे बारीक सळई अवस्कराच्या (मल, मूत्र आणि अंडी यांच्या एकाच वाटेच्या) छिद्रातून शेपटीच्या दिशेनं हलकेच सरकवून ती किती खवल्यांपर्यंत जाते ते मोजणं. मादीत ती थोडीच आत जाते, नरात बरीच खोल. हे काम सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरचं किंवा मुरलेल्या ब्रीडरचं आहे. यूट्यूबवर बघून घरी करू नका, आत इजा झाली तर ती जन्माची राहते.

वय आणि वजन बघा. बॉल पायथनची मादी साधारण तिसऱ्या वर्षानंतर अंड्यांच्या लायक होते, आणि ब्रीडर मंडळी १,५०० ग्रॅमच्या खाली जोडी लावत नाहीत. सहाशे ग्रॅमच्या पोरीचं पोट फुगलं असेल तर कारण दुसरं शोधा.

नराशी गाठ कधी पडली? इथे 'गेल्या महिन्यात तर नर नव्हता' एवढं उत्तर पुरत नाही. सापाची मादी शुक्रजंतू महिनोन् महिने साठवून ठेवू शकते. विकत घेण्याआधी ती नरासोबत होती का, हे विकणाऱ्याला विचारा. नर मुळीच नसतानाही अंडी होऊ शकतात. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात २०२० च्या जुलैमध्ये साठी ओलांडलेल्या एका बॉल पायथननं सात अंडी घातली, आणि ती पंधराहून अधिक वर्षं नराच्या जवळपासही गेली नव्हती. अशी प्रकरणं विरळा, पण 'नर नाही म्हणजे अंडी नाहीत' हे गणित सापाला लागू नाही.

दुसरी पायरी: फुगण्याची बाकीची कारणं

सगळ्यात जास्त वेळा निघतो तो साधा लठ्ठपणा. पाळीव सापांना आपण जरा जास्तच भरवतो, घरच्या मांजरासारखं. चरबी अंगभर, शेपटीपर्यंत पसरते, अंग वळवलं की खवल्यांमधली कातडी दिसते आणि वळ्या पडतात. अंड्यांचा भार मात्र शरीराच्या मागच्या अर्ध्या भागात असतो आणि तो काही आठवड्यांत वाढत जातो. दुसरं कारण बद्धकोष्ठ. त्याचा गोळा शेपटीजवळ, एकाच जागी, घट्ट. कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवलं की बऱ्याचदा सुटतो. तिसरं, नुकतंच गिळलेलं भक्ष्य. याला दोन-चार दिवस थांबणं हाच उपाय. गाठ, मूत्रपिंडाची सूज आणि पोटात साठलेलं पाणी ही कारणं घरी ओळखता येत नाहीत. एका बाजूला फुगवटा, तोंड उघडं ठेवून श्वास, किंवा साप ढिला पडलेला दिसला तर अंड्यांचा विचार बाजूला ठेवून डॉक्टर गाठा.

आणि दाबून बघू नका. नवखा माणूस हटकून हेच करतो. आत मण्यांसारखं काही लागतंय का म्हणून अंगठ्यानं पोट चाचपतो. आत वाढणारी अंड्यांची बीजं या काळात नाजूक असतात, जोरात दाबलं तर फुटतात. फारच राहवलं नाही तर तिला आपल्या सैल बोटांवरून आपल्या आपण सरकू द्या. लागायचं ते त्यातच लागेल.

तिसरी पायरी: खुणा, पण तारखेसकट

एका खुणेवरून काही ठरत नाही. खाणं सोडणं तर बॉल पायथनची खोडच आहे, नरसुद्धा हिवाळ्यात महिना-दोन महिने उपाशी बसतात. खुणा कोणत्या क्रमानं आल्या आणि मध्ये किती दिवस गेले, यावरून चित्र स्पष्ट होतं. म्हणून एक वही घाला. मी भाजीवाल्याच्या हिशेबाची लाल वही वापरते: तारीख, वजन, खाल्लं की नाही, कुठे बसली होती, कात.

पहिल्या टप्प्यात अंडाशयात बीजं वाढत असतात. सुरुवातीला भूक जबरदस्त वाढते, मग अचानक बंद होते. मादी पेटीच्या थंड बाजूला जाते, पाण्याच्या भांड्याला मिठी मारते, कधी उताणी पडून पोट वर करते. तुम्ही ताप उतरला का बघायला जाल, पण तिला कसलाही आजार नसतो. एवढ्यावर मात्र 'अंड्यांवर आली' म्हणू नका. या टप्प्यावरून माघार घेणाऱ्या मादी पुष्कळ असतात, बीजं आत जिरूनही जातात.

दुसरा टप्पा म्हणजे ओव्ह्युलेशन, बीजं अंडाशयातून सुटण्याचा दिवस. ही सगळ्यात खात्रीची खूण, आणि हुकणारीही हीच. शरीराच्या मधोमध किंवा थोडं मागे, आख्खा ससा गिळल्यासारखा मोठा फुगवटा दिसतो. मादी ताठरते, अवघडून बसते. हे सगळं साधारण एका दिवसात आटपतं. तुम्ही दोन दिवस गावाला गेलात तर कळणारही नाही. म्हणून थंड बाजूला बसायला लागली की रोज एकदा, न हात लावता, मोबाइलवर फोटो काढा. ठमीचा फोटो ८ मार्चचा आहे. मी तेव्हा घाबरून डॉक्टरांना पाठवला, आणि त्यांनी उत्तरात फक्त 'अभिनंदन' लिहिलं.

त्यानंतर बसण्याची जागा पालटते. आता तिला ऊब हवी असते, ती गरम बाजूला चिकटून राहते. रंगही थोडा उजळतो. दोन-तीन आठवड्यांनी ती कात टाकते, आणि ही कात सर्वांत महत्त्वाची. तिच्यापासून साधारण तीस दिवसांनी अंडी होतात. पाच-सात दिवस इकडेतिकडे धरा. आमच्याकडे कात २९ मार्चला, अंडी २७ एप्रिलला.

कातीवरून एक आठवलं. गरोदर बाईची सावली पडली की साप आंधळा होतो, असं आजी सांगायची. कात टाकण्याआधी सापाचे डोळे खरोखरच दुधी-निळसर होतात, त्याला काही दिवस अंधुक दिसतं आणि तो बिचकून जागच्या जागी राहतो. असा साप पाहूनच कुणीतरी ही गोष्ट रचली असावी, असं मला वाटतं. डोळे दुधी असताना तिला उचलू नका, एवढाच त्यातून घ्यायचा बोध.

चौथी पायरी: डॉक्टर

कुत्र्यामांजरांचे सगळेच डॉक्टर साप बघत नाहीत. अंडी अडकल्यावर शोधाशोध करण्यापेक्षा कोण बघतं ते आत्ताच विचारून ठेवा, रात्रीचा नंबरही घ्या. सोनोग्राफीत बीजं केवढी झाली ते दिसतं, वाढत आहेत की जिरत आहेत तेही कळतं. एक्स-रे त्या मानानं उशिरा कामाला येतो, कारण सापाच्या अंड्याचं कवच कोंबडीसारखं चुन्याचं नसतं, चामड्यासारखं असतं. माझ्या मते पहिल्यांदाच अनुभव घेणाऱ्यानं एक सोनोग्राफी करून घ्यावीच. खर्च होतो, पण झोप लागते.

पाचवी पायरी: अंड्यांपर्यंतचे दिवस

पेटीची गरम बाजू ३१ ते ३२ अंश सेल्सिअस, थंड बाजू २५ ते २६. थर्मोस्टॅटशिवाय हीट मॅट चालवू नका, या काळात ती तासन् तास मॅटवर पडून असते आणि भाजते. दोन्ही टोकांना अंगाला घट्ट बसेल अशी लपायची जागा द्या. नर असेल तर तो दुसऱ्या पेटीत. पाहुण्यांना दाखवणं आणि मुलांच्या हातात देणं बंद. पिसवांचे, गोचिडांचे फवारे डॉक्टरांना विचारल्याशिवाय मारू नका.

खाण्याचा आग्रह धरू नका. घेतला तर नेहमीपेक्षा लहान उंदीर द्या, गोठवलेला वितळवून कोमट केलेला. नाही घेतला तर दुसऱ्या दिवशी उचलून टाका आणि दहा दिवस विचारू नका. आख्खं भक्ष्य खाणाऱ्या सापाला कॅल्शियम त्यातूनच मिळतं, वरून पूड भुरभुरण्याची गरज नसते. आईला हे पटवायला मला फार वेळ लागला. तिच्या मते डोहाळे असताना कुणी उपाशी राहतं का?

कात टाकली की दोन आठवड्यांत अंड्यांचा डबा ठेवा. ती आत वेटोळं करून मावेल एवढा प्लास्टिकचा झाकणाचा डबा घ्या, बाजूला गोल भोक पाडा, कडा घासून गुळगुळीत करा आणि आत ओलसर स्फॅग्नम मॉस (ओल धरून ठेवणारं शेवाळ) भरा. ओलसर म्हणजे मुठीत पिळल्यावर थेंब पडणार नाही इतपत. डबा गरम बाजूला. काही माद्या त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत आणि पाण्याच्या भांड्यात अंडी घालून मोकळ्या होतात. पाण्यात पडलेली अंडी गुदमरतात, म्हणून शेवटच्या आठवड्यात भांडं लहान ठेवा.

सहावी पायरी: तो दिवस

बहुतेकदा रात्री किंवा पहाटे. एकेक अंडं बाहेर येतं, काही तास जातात. तोपर्यंत पेटीवर कापड टाका आणि खोलीतला दिवा मालवा. साधारण चार ते दहा अंडी होतात, मोठी, पांढरी, एकमेकांना चिकटलेली. मादी त्यांच्याभोवती वेटोळं घालून बसते, आणि या वेळी तिचं रूप पार खुडूक कोंबडीचं. गरीब स्वभावाची ठमीसुद्धा माझ्यावर फुत्कारली.

धोका कुठे, तर अंडी अडकण्यात. काही अंडी घातली आणि मागे अजून गोळे दिसत आहेत, दोन दिवस झाले तरी पुढे काही नाही. किंवा ती कळा देते आहे पण काहीच येत नाही. किंवा छिद्रातून लालसर मांस बाहेर आलं आहे. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. तेल लावून ओढणं, पोट चोळणं यांपैकी काही करू नका. आमच्या ओळखीतल्या एकानं केलं, मादी गेली.

सातवी पायरी: अंड्यांचं काय करायचं

या निर्णयाची वेळ खरं तर ओव्ह्युलेशनच्या दिवशीच येते. बॉल पायथन वीस-तीस वर्षं जगतो. इथे सापांच्या आश्रयगृहांत जागा नसते, आणि फुकट दिलेलं पिल्लू कुणाकडे कसं राहील याची खात्री नसते. सहाही पिल्लांची सोय नसेल तर अंडी घातल्या-घातल्या, गर्भ वाढण्याआधी, फ्रीजरमध्ये ठेवणं हा जबाबदार मार्ग आहे. ऐकायला कठोर वाटतं. आम्ही तेव्हा अंडी उबवली, पण पुन्हा वेळ आली तर मी हेच करेन. पिल्लं व्यवसाय म्हणून विकायची असतील तर इंग्लंडमध्ये २०१८ च्या नियमांनुसार स्थानिक परिषदेचा परवाना लागतो.

उबवायचीच असतील तर आईखालची अंडी काढून उबवणी यंत्रात ठेवणं नवख्याला सोपं जातं. भारतीय अजगराची मादी थरथर कापून स्वतःच्या अंगात ऊब तयार करते. बॉल पायथनला ते साधत नाही, ती फक्त झाकून ओलावा आणि ऊब धरून ठेवते. घरातल्या कोरड्या हवेत तेवढं पुरेलच असं नाही.

अंडी उचलण्याआधी प्रत्येकावर वरच्या बाजूला पेन्सिलीनं खूण करा. कोंबडीची अंडी फिरवतात, सापाची फिरवायची नाहीत, गर्भ वर चिकटलेला असतो आणि उलटं केलं तर दगावतो. चिकटलेला घड सुटत नसेल तर तसाच ठेवा. लहान, पिवळट, मेणासारखी घट्ट अंडी वांझ असतात. शंका असेल तर अंधारात मोबाइलचा टॉर्च लावा: जिवंत अंड्यात गुलाबी उजेड आणि लाल शिरांचं जाळं दिसतं.

हवाबंद होईल अशा डब्यात ओलसर व्हर्मिक्युलाइट किंवा परलाइट (कुंड्यांत घालतात ते ओल धरणारे हलके खनिज दाणे), त्यावर अंडी, तापमान ३१ ते ३२ अंश. चौतीसच्या वर गेलं तर पिल्लं वाकड्या कण्याची होतात किंवा आतच मरतात. दर आठवड्याला झाकण मिनिटभर उघडायचं. वरून पाणी शिंपडायचं नाही. पंचावन्न ते साठ दिवस लागतात. शेवटच्या पंधरवड्यात अंडी खचतात, खळगे पडतात. आम्ही तेव्हा सगळं संपलं म्हणून रडलो होतो. मग एके सकाळी एका अंड्याला चीर पडली आणि बोटाएवढं डोकं बाहेर डोकावलं. डोकं काढून पिल्लू दिवस-दोन दिवस तिथेच बसतं, उरलेला बलक शोषून घेतं. त्याला ओढून बाहेर काढायचं नाही. पहिली कात आठवडा-दहा दिवसांत, आणि पहिला उंदीर त्यानंतर.

कॉर्न स्नेक (अंडी घालणारा दुसरा एक पाळीव साप) असेल तर वेळापत्रक आवळा: कात टाकल्यावर आठ ते चौदा दिवसांत अंडी होतात, संख्या जास्त, अंडी लहान, उबवणी २७-२८ अंशांवर. बोआ असेल तर ओव्ह्युलेशननंतरच्या कातीपासून साडेतीन-चार महिने थांबावं लागतं आणि मग एकदम पिल्लंच.

आठवी पायरी: बाळंतीण

अंड्यांकडे लक्ष देताना हिला विसरू नका. अंड्यांबरोबर तिच्या वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त निघून जातो, कणा दिसायला लागतो. अंडी काढून घेतली तरी वास अंगाला राहतो आणि ती रिकाम्या जागेला वेटोळं घालून बसते, खुडूकपणा जात नाही. म्हणून तिला कोमट पाण्यानं अंघोळ घाला, पेटी पूर्ण धुवा, अंथरूण बदला. मग लहान उंदीर, नेहमीच्या अर्ध्या आकाराचा. दोन-तीन वेळा तो पचला की हळूहळू वाढवा. पुढच्या मोसमात तिला नरापासून लांब ठेवा. दर वर्षी अंडी काढणारे ब्रीडर आहेत, मला ते पटत नाही.

ठमीनं अकराव्या दिवशी पहिला उंदीर घेतला. वहीत त्या दिवसाची नोंद आहे: ८ मे, वजन १,२१० ग्रॅम, लहान उंदीर, घेतला. ऑक्टोबरातल्या नोंदीत वजन १,७६० आहे, आणि पुढे आईच्या सांगण्यावरून लिहिलेलं: 'अळिवाचे लाडू दिले नाहीत, तरी बरी आहे.'